अधिवेशन पाहून मत ठरवताना: पेनसिल्व्हेनियातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

२०२४ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीत आमच्या घरात दोन मतं होती आणि दोन्ही पहिलीच. मी आणि माझा नवरा, दोघंही महाराष्ट्रातून आलेले. ग्रीनकार्डाची रांग संपवून नागरिक झालेलो आणि फिलाडेल्फियाच्या बाहेरच्या एका उपनगरात राहणारे. ओळख पटू नये म्हणून गावाचं नाव, नोकऱ्या आणि मुलांविषयीचे तपशील गाळले आहेत. घटनाक्रम आणि आम्ही घेतलेले निर्णय मात्र घडले तसेच लिहिले आहेत.

मतदार नोंदणीच्या अर्जावर पक्ष विचारतात. आम्ही दोघांनीही 'कोणताच नाही' ही चौकट निवडली. कुठल्याही पक्षाचा शिक्का नको, उमेदवार पाहून मत देऊ, एवढा साधा विचार होता. पेनसिल्व्हेनियात प्रायमरी मात्र बंद असते. ज्या पक्षाची नोंद असेल त्याच पक्षाचा उमेदवार निवडायला मत देता येतं आणि नोंदच नसेल तर त्या निवडीत मतच नाही. २३ एप्रिलची प्रायमरी आमच्या डोळ्यांसमोरून निघून गेली.

नवऱ्याला निकी हेली पसंत होत्या. त्या मार्चमध्येच शर्यतीतून बाहेर पडल्या होत्या, तरी एप्रिलमध्ये या राज्यात त्यांना दीड लाखाहून जास्त रिपब्लिकन मतं पडली. त्यात त्याचं मत असू शकत नव्हतं. म्हणजे उमेदवार ठरवण्याच्या सगळ्या प्रक्रियेत आमच्या वाट्याला आली ती एकच सार्वजनिक गोष्ट: उन्हाळ्यातली दोन राष्ट्रीय अधिवेशनं.

अडचण कुठे होती

भारतातून आलेल्या माणसाच्या डोक्यात पक्षाचं अधिवेशन म्हणजे मंडप, ठराव, अध्यक्षीय भाषण आणि कधीतरी खरीखुरी झुंज. १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसआधी सुभाषबाबूंनी पट्टाभी सीतारामय्यांना मतदानात हरवलं होतं, हे शाळेत शिकलेलं. इथेही एके काळी तसंच होतं. १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाला उमेदवार ठरवायला मतदानाच्या १०३ फेऱ्या लागल्या. पण १९५२ नंतर कुठल्याही मोठ्या पक्षाच्या अधिवेशनात अध्यक्षपदाच्या उमेदवारासाठी दुसरी फेरी झालेली नाही. १९६८ मध्ये ह्युबर्ट हम्फ्री एकही प्रायमरी न लढवता उमेदवार झाले, शिकागोच्या रस्त्यांवर पोलिसांच्या लाठ्या चालल्या आणि त्यानंतरच्या सुधारणांनी निवडीचा हक्क प्रायमरीतल्या मतदारांकडे गेला. तेव्हापासून अधिवेशन आधीच झालेल्या निर्णयावर शिक्कामोर्तब करतं.

मग निर्णय आधीच झालेला असेल, तर ते पाहून मतदाराने ठरवायचं काय? आमच्या घरातला वाद इथून सुरू झाला. नवरा म्हणाला, "अगं, ही चार दिवसांची जाहिरात आहे. जाहिरात बघून कोणी घर घेतं का?" माझं म्हणणं वेगळं होतं. पक्षाला चार रात्री देशासमोर स्वतःच्या मर्जीने उभं राहता येतं, तेव्हा तो माइक कोणाला देतो आणि कोणाला देत नाही, यातून त्याच्या मनातलं बरंच कळतं.

समोर असलेले पर्याय

काहीच न पाहता फक्त जाहीरनामे वाचायचे, हा एक मार्ग. मोठ्या वाहिन्यांवर रात्री दहाला सुरू होणारी मुख्य भाषणं तेवढी पाहायची, हा दुसरा. व्हॉट्सॲपच्या गटांवर येणाऱ्या तुकड्यांवर विसंबणं हा तिसरा, आणि आमच्या ओळखीतले बहुतेक लोक तेच करत होते. एकाच भाषणाचे दोन तुकडे दोन गटांवर परस्परविरोधी मथळ्यांनी फिरताना पाहिल्यावर तो आम्ही लगेच बाद केला.

शेवटी दोन्ही अधिवेशनं संध्याकाळपासून शेवटपर्यंत पाहायची आणि तीही सी-स्पॅन या वाहिनीवर, असं ठरलं. तिथे निवेदक मध्ये बोलत नाहीत, व्यासपीठावरचं जसंच्या तसं दिसतं. एका वहीत तीन रकाने आखले: कोण किती वाजता बोललं, काय वचन दिलं, आणि ते वचन जाहीरनाम्यात आहे का. तिसरा रकाना नवऱ्याच्या आग्रहाने आला आणि पुढे तोच सगळ्यांत उपयोगी पडला. आणखी एक अट होती. दोन्ही पक्षांना वही एकच आणि रकानेही तेच.

मिलवॉकी: १५ ते १८ जुलै

रिपब्लिकन अधिवेशन सुरू होण्याच्या दोन दिवस आधी, १३ जुलैला, आमच्याच राज्यातल्या बटलर गावात डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर गोळीबार झाला. एक अग्निशमन कर्मचारी आपल्या कुटुंबाला वाचवताना मारला गेला. चौथ्या रात्री त्याचा कोट आणि शिरस्त्राण मंचावर ठेवलं होतं आणि ट्रम्प यांनी त्या शिरस्त्राणाचं चुंबन घेतलं. त्या क्षणी आमच्या घरात कोणी काही बोललं नाही. राजकारण काही असो, आपल्या राज्यातल्या माणसाचा तो मृत्यू होता.

पहिल्या रकान्यात दोन नोंदी शेजारी शेजारी आल्या आणि मी त्यांवर बराच वेळ अडकून पडले. सोमवारी रात्री हरमीत ढिल्लों यांनी मंचावरून शिखांची अरदास म्हटली. बुधवारी त्याच सभागृहात प्रतिनिधींच्या हातात सामूहिक हद्दपारीची मागणी करणारे छापील फलक होते, आणि त्याच रात्री उषा व्हान्स यांनी पतीची, म्हणजे उपाध्यक्षपदाचे उमेदवार जे. डी. व्हान्स यांची, ओळख करून दिली. आपण भारतातून आलेल्या आईवडिलांची मुलगी, आणि मांस-बटाट्यावर वाढलेला जे. डी. माझ्या आईसाठी भारतीय शाकाहारी स्वयंपाक शिकला, असं त्या सांगत होत्या. मला हे दोन्ही एकाच चौकटीत पाहवेना. नवऱ्याचं म्हणणं, यात विसंगती नाहीच: "फलक बेकायदा आलेल्यांसाठी आहेत. आपण रांगेत उभे राहून आलो." आमच्यासारख्या घरांत हा युक्तिवाद मनापासून केला जातो. त्यामागे वर्षानुवर्षं रखडलेल्या रांगेचा खरा राग आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

मंगळवारी निकी हेली बोलल्या. प्रायमरीत मिळवलेले, अधिवेशनात त्यांच्या बाजूने मत देणारे ९७ प्रतिनिधी त्यांनी आधीच मोकळे केले होते. त्यांनी ट्रम्प यांना नि:संदिग्ध पाठिंबा दिला आणि सगळं पटत नसलं तरी मत देता येतं, अशा अर्थाचं आवाहन केलं. नवऱ्याने वहीत त्याखाली रेघ मारली. दीड लाख मतं देणाऱ्यांना जे म्हणायचं होतं त्यातलं जाहीरनाम्यात काय उतरलं, असं मी विचारलं. त्याने शोधलं, त्याला काही सापडलं नाही, आणि ते त्याने लिहूनही ठेवलं.

पहिला निर्णयाचा टप्पा: जाहीरनाम्यातली एक ओळ

रिपब्लिकन जाहीरनामा सोळा पानांचा. समितीने तो आठवडाभर आधी बंद दाराआड संमत केला आणि अधिवेशनाने पहिल्याच दिवशी स्वीकारला. २०२० मध्ये या पक्षाने नवा जाहीरनामा केलाच नव्हता, त्यामुळे निदान वाचायला काही होतं. गर्भपाताच्या बाबतीत देशव्यापी बंदीची जुनी भाषा गाळून विषय राज्यांवर सोडला होता. स्थलांतराच्या प्रकरणात गुणवत्तेला प्राधान्य देण्याचं वचन होतं. नवरा खूश झाला. पण त्याच परिच्छेदाच्या शेवटी 'साखळी स्थलांतर', म्हणजे आधी आलेल्याने मागून नातेवाइकांना आणणं, संपवू, असंही होतं.

आता प्रश्न सासूबाईंचा. त्या एकट्या राहतात आणि त्यांना इकडे आणायचा विचार चालू होता. नागरिकाच्या आईवडिलांना सध्याच्या कायद्यात वार्षिक मर्यादा नाही, म्हणून नागरिकत्वाची शपथ घेतली तेव्हा सगळ्यांत आधी तेच डोक्यात आलं होतं. साखळी म्हणजे भावंडं की आईवडीलही? जाहीरनाम्यात खुलासा नाही. मंचावरच्या भाषणांतही आम्हाला तो मिळाला नाही. मग नवऱ्याने मागचा माग काढला. २०१७ मध्ये ट्रम्प प्रशासनाने ज्या रेझ विधेयकाला पाठिंबा दिला होता, त्यात आईवडिलांचा ग्रीनकार्डाचा मार्ग काढून त्याऐवजी तात्पुरता व्हिसा देण्याची तरतूद होती. ते विधेयक कायदा झालं नाही. पण दिशा कळली.

इथे त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या आणि मला ते फार शहाणपणाचं वाटलं. मत कोणाला द्यायचं हे नोव्हेंबरपर्यंत ठरवता येईल. आईचा अर्ज मात्र निकालाची वाट न पाहता भरायचा. ऑक्टोबर उलटायच्या आत आय-१३० हा नातेवाइकासाठीचा अर्ज भरून झाला.

शिकागो: १९ ते २२ ऑगस्ट

दरम्यान सगळा पटच बदलला होता. २१ जुलैला जो बायडन यांनी माघार घेतली. ओहायो राज्यात उमेदवाराचं नाव कळवायची मुदत ७ ऑगस्ट होती, म्हणून ऑनलाइन मतदानाने उमेदवार ठरवायचं पक्षाने मे महिन्यातच जाहीर केलं होतं. नंतर ओहायोने कायदा बदलून मुदत वाढवली, तरी ऑनलाइनचा बेत कायम राहिला. उमेदवारीसाठी किमान ३०० प्रतिनिधींच्या सह्या लागणार होत्या. त्या मिळवणाऱ्या कमला हॅरिस एकट्याच ठरल्या, आणि ५ ऑगस्टला ९९ टक्के मतांनी त्यांची निवड पूर्ण झाली.

म्हणजे शिकागोला मंगळवारी जो रोलकॉल झाला, एकेका राज्याचं नाव पुकारताना डीजेने एकेक गाणं लावलं आणि सगळं सभागृह नाचलं, तो उत्सव होता. मतदान दोन आठवड्यांपूर्वीच झालं होतं. आमची मुलगी सोफ्यावर उभी राहून नाचत होती आणि मलाही ते आवडलं, हे का लपवू? नवरा मात्र वहीत लिहीत होता: या उमेदवाराला यंदाच्या प्रायमरीत अध्यक्षपदासाठी एकाही मतदाराने मत दिलेलं नाही. मी म्हटलं, बायडन यांना मत देणाऱ्यांनी उपाध्यक्षासकट दिलं होतं. "अगं, मतपत्रिकेवर नाव कोणाचं होतं?" याला माझ्याकडे उत्तर होतं, पण पूर्ण पटणारं नव्हतं.

जाहीरनामा इथे नव्वदेक पानांचा, सोमवारी आवाजी मतदानाने संमत. जुलैत, माघारीआधी लिहिला गेला होता आणि तसाच पुढे आला. बायडन यांच्या 'दुसऱ्या कार्यकाळात' काय काय होईल, हे त्यात पुन्हा पुन्हा येतं. उमेदवार बदलल्यावर मतदारासमोर ठेवायचा दस्तऐवजही बदलायला हवा होता, वेळ कमी असला तरी. आमचा तिसरा रकाना त्यामुळे लंगडा झाला. हॅरिस जे बोलल्या ते जाहीरनाम्याशी ताडायचं कसं, जेव्हा जाहीरनामा दुसऱ्याच माणसाविषयी बोलतो?

खुद्द बायडन सोमवारी मंचावर आले तेव्हा आमच्याकडे साडेअकरा वाजायला आले होते. दुसऱ्या दिवशी कामावर जाणारी किती माणसं तोवर जागी होती? ट्रम्प यांचं दीड तासाचं भाषणही मध्यरात्र उलटून संपलं होतं. हॅरिस यांनी गुरुवारी पाऊण तासाच्या आत आटोपलं. एकोणीस वर्षांची आई एकटी भारतातून कॅलिफोर्नियाला आली, हे त्या सांगत होत्या तेव्हा मला माझा पहिला विमानतळ आठवला. अशा क्षणी आपण उमेदवाराला जोखत नसतो, स्वतःलाच पाहत असतो. म्हणून ते भाषण मी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, आवाजाशिवाय.

दुसरा निर्णयाचा टप्पा: माइक कोणाला मिळाला नाही

मिशिगनच्या फेब्रुवारीतल्या प्रायमरीत एक लाखाहून जास्त डेमोक्रॅट मतदारांनी गाझातल्या युद्धाच्या निषेधार्थ 'अनकमिटेड' (कोणत्याच उमेदवाराला बांधील नाही) या चौकटीवर खूण केली होती. त्या आणि इतर राज्यांतल्या तशा मतांवर निवडून आलेले तीसेक प्रतिनिधी शिकागोत होते. एका पॅलेस्टिनी-अमेरिकन वक्त्याला मंचावर काही मिनिटं द्या, एवढी त्यांची मागणी होती. जॉर्जियाच्या आमदार रुवा रोमान यांनी भाषणही तयार ठेवलं होतं आणि त्यात हॅरिस यांना निवडून देण्याचं आवाहन होतं. पक्षाने नकार दिला. बुधवारी रात्री हे प्रतिनिधी युनायटेड सेंटरच्या बाहेर फुटपाथवर बसून राहिले आणि तिथेच झोपले. त्याच रात्री आत हमासच्या ताब्यातल्या एका ओलिसाच्या आईवडिलांना बोलायला मिळालं. ते मिळायलाच हवं होतं. दोन्ही दुःखांना त्या मंचावर जागा होती, वेळही होता.

मला यात १९६४ चं अटलांटिक सिटीतलं डेमोक्रॅटिक अधिवेशन दिसलं. मिसिसिपीच्या काळ्या मतदारांच्या वतीने फॅनी लू हेमर प्रतिनिधींची पात्रता तपासणाऱ्या पडताळणी समितीपुढे साक्ष देत होत्या, आणि कॅमेरे त्यांच्यावरून हटावेत म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी ऐन वेळी पत्रकारांना बोलावलं. वाहिन्यांनी ती साक्ष संध्याकाळी दाखवली आणि देशाने ती पाहिलीच. आपल्याच मतांवर आलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवणं हा पक्षांचा जुना रोग आहे, आणि तो एकाच पक्षाला नाही.

माझ्यासाठी हा खरा पेच होता. या नकारामुळे अध्यक्षपदाची ओळ कोरी सोडावी का? आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तसं ठरवलं होतं आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आदरच आहे. मी दोन आठवडे घेतले. एका बाजूला हा नकार. दुसऱ्या बाजूला मुलीच्या शरीराविषयीचे कायदे, आणि ६ जानेवारी २०२१ ला संसदेवर झालेला हल्ला, ज्याची मिलवॉकीच्या चार रात्रींत खंत म्हणून कोणी व्यक्त केलेली मी ऐकली नाही. नकाराचा राग पक्षाकडे नोंदवायचा आणि मत मात्र द्यायचं, असं मी ठरवलं. राज्याच्या पक्ष कार्यालयाला पत्र लिहिलं. उत्तर आलं ते साच्यातलं, देणगीच्या दुव्यासकट.

निष्पत्ती

५ नोव्हेंबरला मी हॅरिस यांना मत दिलं. नवऱ्याने ट्रम्प यांना. त्याच्या वहीतली कारणं होती महागाई, सीमेवरची अव्यवस्था, आणि प्रायमरीत एकही मत न मिळालेला उमेदवार. विरुद्ध बाजूला हद्दपारीचे फलक आणि आईविषयीची ती संदिग्ध ओळ, हेही त्याने लिहिलं होतं. तरी त्याचा तराजू तिकडे झुकला. पेनसिल्व्हेनियात एका खुणेत सगळ्या पक्षाला मत देण्याची सोय २०१९ च्या कायद्याने काढली आहे, त्यामुळे प्रत्येक ओळ वेगळी भरावी लागते. खालच्या काही ओळींवर आमची मतं जुळली.

राज्यात ट्रम्प सुमारे १ लाख २० हजार मतांनी जिंकले. आमची दोन मतं अध्यक्षपदाच्या ओळीवर एकमेकांना छेद देऊन गेली. त्या रात्री घरात भांडण झालं नाही. एक तर भांडायचं ते ऑगस्टमध्ये भांडून झालं होतं, आणि दुसरं म्हणजे दोघांना एकमेकांची कारणं लिखित स्वरूपात माहीत होती. दोन्हीकडच्या चार-चार रात्री पाहून आमचे मूळ कल उलटले नाहीत. पण मला माझ्या पक्षाचा खोटेपणा कुठे आहे ते दिसलं, आणि त्याला त्याच्या पक्षाचं मौन कुठे आहे ते.

पुन्हा वेळ आली तर काय वेगळं करावं

क्रम उलटा करावा. आम्ही भाषणं आधी पाहिली आणि जाहीरनामे नंतर वाचले. आधी वाचलं असतं, तर साखळी स्थलांतराचा शब्द आला की लगेच कान टवकारले असते. शिवाय भाषणाचा लिखित मजकूर दुसऱ्या दिवशी मिळतोच. संगीत आणि टाळ्या वजा करून तो वाचायला अर्धा तास पुरतो.

मंचाइतकंच लक्ष समित्यांकडे द्यावं. नियम, पडताळणी आणि जाहीरनामा या तीन समित्यांत जे ठरतं त्यातलं थोडंच रात्री दहानंतर दिसतं. ३०० सह्यांचा नियम, बंद दाराआडचा मसुदा, न बदललेली नव्वद पानं, हे सगळं अधिवेशनाच्या आधी घडलं, आणि आम्ही ते घडून गेल्यावर वाचलं.

सगळ्यांत मोठा बदल नोंदणीचा. पक्षाचा शिक्का नको म्हणून आम्ही बाहेर राहिलो, पण पेनसिल्व्हेनियात बाहेर राहण्याची किंमत म्हणजे दुसऱ्यांनी निवडलेल्या दोघांतून एक निवडणं. खुल्या प्रायमरीच्या राज्यात राहणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही, त्यांनी आपल्या राज्याचा नियम पाहावा. आम्ही मात्र नंतर दोघांनीही पक्षनोंद केली, तो तिकडे, मी इकडे. २० मे २०२५ च्या स्थानिक प्रायमरीत आम्हाला दोन वेगवेगळ्या मतपत्रिका मिळाल्या. शाळा मंडळाच्या उमेदवारांना इथे दोन्ही पक्षांत अर्ज भरता येतो, म्हणून तीच काही नावं दोन्हींवर होती आणि त्यांतली दोन आम्ही दोघांनी निवडली. अध्यक्षीय वर्षातल्या प्रायमरीत अधिवेशनाच्या प्रतिनिधींची नावंही याच मतपत्रिकेवर असतात. २०२८ साठी ती नावं कोण देतं, अर्ज कधी भरायचे आणि सह्या किती लागतात, हे विचारायला नवरा त्याच्या काउंटी समितीच्या बैठकीला जाऊ लागला आहे. मी माझ्या.